काकांचा पंधरा मिनिटांचा तास

छपाईत एखादं अक्षर गळलं, तर ते नेमकं कुठे घालायचं हे दाखवायला ओळीत एक टोकदार खूण करतात. तिला काकपद म्हणतात. एका छापखान्यातल्या मुद्रितशोधक गृहस्थांना सगळे त्याच नावाने ओळखत, कारण छत्तीस वर्षांत अशी एखादी खूण अंगावर घेतल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून एकही कागद उठला नव्हता. पुढे नव्या माणसांना एवढं लांब नाव घ्यायचा कंटाळा आला आणि काकपदाचे नुसते काका झाले. ओघानेच त्यांच्या बायकोच्या काकू झाल्या. काकूंनी बिचाऱ्यांनी आयुष्यात कोणाच्या कागदावर कसलीच खूण केली नव्हती.

काकांचं काम इंग्रजीचं. औषधाच्या डबीतली सतरा घड्यांची पत्रकं, पंपांची माहितीपुस्तकं, कायद्याचे उशीएवढे जाड ग्रंथ, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जायचं. कुठल्या शब्दात एक एल आणि कुठल्या शब्दात दोन, याबद्दल शहरातले वकीलसुद्धा त्यांना फोन करत. मात्र इंग्रजी बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. एकदा नव्या यंत्राबरोबर परदेशी इंजिनियर आला, तेव्हा मालकांनी मोठ्या विश्वासाने काकांना पुढे ढकललं. काकांनी त्याला कागदावर प्रश्न लिहून दिला. त्याने कागदावर उत्तर लिहिलं. काकांनी त्यातल्या दोन चुका दुरुस्त करून कागद त्याला परत दिला. संभाषण तिथेच संपलं.

निवृत्त झाल्यावर काकांचे डोळे रिकामे झाले, पण लाल पेन काही रिकामं बसेना. विजेच्या बिलावरचा मजकूर झाला, बिस्किटांच्या पुड्यावरचा झाला, शेजाऱ्यांच्या मुलीची लग्नपत्रिका तर त्यांनी दुरुस्त करून आहेराच्या पाकिटातूनच परत केली. इमारतीच्या जिन्यात टाकी धुण्याची सूचना लागली की दुपारपर्यंत ती लालेलाल. सेक्रेटरींनी शेवटी सूचना उंचावर लावायला सुरुवात केली, तर काका स्टूल घेऊन गेले.

हे सगळं एक वेळ चाललं असतं, पण नातीचं प्रकरण नाजूक होतं. मुलगा, सून आणि चार वर्षांची नात परदेशात. नात इंग्रजीतच चिवचिवायची. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ती मोठ्या उत्साहाने म्हणाली, "आय गोएड टू द पार्क!" काका म्हणाले, "वेंट." नातीने पुन्हा सांगितलं, "आय गोएड!" काका पुन्हा म्हणाले, "वेंट." नातीने फोन आईच्या हातात दिला आणि ती खाटेखाली जाऊन बसली. पुढचे तीन रविवार ती फोनवर आली नाही. काकू पडद्याकडे बघून नुसत्या हसायच्या आणि हात हलवायच्या. कारण काकू काकांसमोर इंग्रजी बोलत नसत. एक शब्दसुद्धा नाही.

त्यालाही कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी काकांनी हौसेने बायकोला इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. जेवणाचं टेबल, त्यावर वही, बाजूला टोक केलेली पेन्सिल. तिसऱ्या दिवशी काकूंनी अवघ्या पाच वाक्यांत आपलं माहेर वर्णन करून सांगितलं. काका मध्ये अकरा वेळा बोलले. काकूंनी वही मिटली, उठून ती टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली आणि म्हणाल्या, "आता कशी मजबूत बसली बघा." त्या दिवसापासून फ्रिजला त्या 'थंडीचं कपाट' म्हणत, निदान काका घरात असताना तरी.

तर अशा या काकांना एके दिवशी सूनबाईंचा निरोप आला. 'बाबा, तुमच्या घराजवळच एक प्रशिक्षण आहे. दोन शनिवार आणि दोन रविवार. ज्यांना इंग्रजी परकं आहे, त्यांना ते शिकवायचं कसं, याची ओळख करून देतात. तुम्हाला तर सगळं येतंच.'

सूनबाई हुशार. शेवटच्या वाक्याने काम केलं.

"जाऊ का?" काकांनी विचारलं.

"जा की! खुशाल जा," काकू इतक्या चटकन म्हणाल्या की काकांना जरा लागलंच.

वर्ग चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत होता. अरुंद जिना, वर पांढरा फळा, घोड्याच्या नालेसारख्या मांडलेल्या खुर्च्या, आणि एसीच्या खाली एक बादली, तिच्यात टप टप पाणी. शिकवणारी मुलगी तिशीची असेल. पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात स्टॉपवॉच. तिला सगळे ताई म्हणत होते, म्हणून काकाही म्हणू लागले, जरी ती त्यांच्या मुलाहून लहान होती. शिकायला आलेले सहा जण. काकांच्या शेजारी बसला होता एक पोहण्याचा शिक्षक. रुंद खांदे, केसांना क्लोरीनचा वास, आणि आवाज असा की तलावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. खोली बारा फुटांची होती.

काका नवी वही, तीन पेनं आणि खिशातला शब्दकोश घेऊन सज्ज बसले. ताई आत आल्या, त्यांनी पिशवीतून एक लिंबू काढलं, वर धरलं आणि एक शब्द उच्चारला. इंग्रजी नव्हता. कुठल्याच ओळखीच्या भाषेतला नव्हता. मग किल्ली काढली, दुसरा शब्द. मग कंगवा. काकांनी हात वर केला. त्यांना स्पेलिंग विचारायचं होतं. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि लिंबू त्यांच्या हातात दिलं.

काकांना लिंबाचा शब्द आठवेना. पोहण्याचा शिक्षक पलीकडून तो इतक्या मोठ्याने सांगत होता की खाली चष्मे हलले असतील, पण काकांच्या जिभेवर तो चढेचना. त्यांनी कसाबसा एक आवाज काढला. ताई हसल्या, तोच शब्द हळूच बरोबर उच्चारला, आणि जणू काही झालंच नाही अशा पुढे गेल्या. काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हातातलं लिंबू घामाने ओलं झालं होतं.

वीस मिनिटांनी ताई आपल्या भाषेत आल्या. "कसं वाटलं?"

"झकास!" पोहण्याचा शिक्षक म्हणाला.

"बालवाडीत नापास झाल्यासारखं," काका म्हणाले.

"छान! ते विसरू नका," ताई म्हणाल्या. "तुमच्यासमोर जो बसणार आहे, त्याला रोज तसंच वाटतं."

ही गोष्ट काकांनी वहीत लिहून घेतली. पुढच्या गोष्टी मात्र त्यांच्या घशाखाली उतरेनात. शिक्षकाने कमीत कमी बोलायचं, हे एक. शिकणाऱ्याला बोलू द्यायचं, हे दुसरं. आणि कोणी मनापासून काही सांगत असेल, तर चूक झाली तरी मध्ये तोंड घालायचं नाही. ती मनात ठेवायची आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर मांडायची.

"म्हणजे चूक तशीच छापून टाकायची?" काकांनी धक्का बसल्यासारखं विचारलं.

"काका, बोलणं छापलं जात नाही."

"पण चुकीचं ऐकू तर येतं!"

ताईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला पंधरा मिनिटांचा सराव करायचा होता, शिकणाऱ्यांच्या जागी बाकीचे पाच जण. काकांनी विषय घेतला ए, अॅन आणि द. या तीन शब्दांपायी त्यांनी उभी हयात घालवली होती. फळा त्यांनी डाव्या कोपऱ्यापासून भरायला घेतला. नियम, नियमाचे अपवाद, अपवादांचे पोटअपवाद, आणि ज्यावर विद्वानांचं अजून एकमत नाही अशी तीन उदाहरणं. वळून बघितलं तेव्हा पोहण्याचा शिक्षक बादलीतले थेंब मोजत होता.

"तुम्ही बोललात तेरा मिनिटं चाळीस सेकंद," ताईंनी स्टॉपवॉच दाखवलं. "समोरचे बोलले अकरा सेकंद. त्यातले सात 'खिडकी उघडू का' हे विचारण्यात गेले."

"बाकीचा वेळ?"

"तुम्ही फळा पुसत होतात."

त्यानंतर पोहण्याचा शिक्षक उठला. त्याचं इंग्रजी म्हणजे काकांच्या भाषेत अपघातस्थळ. पण गडी सरळ टेबलावर पालथा पडला आणि पाय झाडत ओरडला, "किक! नाऊ यू टेल मी!" दोन मिनिटांत अख्खा वर्ग त्याला हुकूम सोडत होता. किक, ब्रीद, टर्न, स्टॉप! काकांच्या तोंडून स्वतःच्या नकळत "नॉट सो फास्ट!" निघून गेलं. तरी त्यांनी वहीत त्याच्या चुका टिपल्याच होत्या. एकोणीस.

जिना उतरताना त्यांना राहवलं नाही. त्यांनी आकडा सांगितला.

"एकोणीसच?" शिक्षक खूश झाला. "मला वाटलं तीस तरी असतील. काका, मला त्या लिहून द्या ना. खरंच द्या. मला कोणी सांगतच नाही." मग जरा थांबून म्हणाला, "पण तुम्हीही पाण्यात उतरा की राव. काल तुम्ही तेरा मिनिटं काठावर उभं राहून आम्हाला पाणी समजावून सांगत होतात."

"आज," काका म्हणाले. "काल नाही, आज."

"बघा, वीस!" तो म्हणाला आणि खांद्यावर थाप मारून निघून गेला. काकांचा तो खांदा बुधवारपर्यंत दुखत होता.

पुढच्या शनिवारी खरी परीक्षा होती. त्या दिवशी खरेखुरे शिकणारे येणार होते. ताईंनी आजूबाजूच्या इमारतींमध्ये पत्रकं लावली होती: नवशिक्यांसाठी मोफत सरावाचे वर्ग, खाली फोन नंबरच्या फाडून न्यायच्या पट्ट्या. काकांच्या जिन्यातही एक लागलं होतं. काकांनी त्यातला एक स्वल्पविराम जागेवर आणला होता. एक पट्टी फाडलेली आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटलं. छत्तीस वर्षांचा मुद्रितशोधक, पण तो अक्षरं बघतो. नसलेला कागद त्याला दिसत नाही.

काकांना विषय मिळाला होता आवडीनिवडींचा. मला हे आवडतं, मला ते आवडत नाही. त्यांनी नऊ पानांचा आराखडा केला. कपाच्या, माशाच्या, छत्रीच्या चित्रांचे पत्ते स्वतः कापून चिकटवले. आरशासमोर तालीम केली. आठवडाभर घरात "डू यू लाइक?" असे आवाज घुमत होते.

"जरा समोर बसतेस का?" त्यांनी एकदा भीत भीत विचारलं. "शिकणारी म्हणून."

"मला नाही वेळ," काकू म्हणाल्या आणि काकड्या चिरायला लागल्या. काकड्या तशा भरपूर होत्या, पण काकूंचं तोंड भिंतीकडे होतं आणि खांदे हसण्याने हलत होते, हे काकांनी काही नीट बघितलं नाही.

शनिवारी सकाळी काकूंनी बाहेर जायचे कपडे घातले. "मैत्रिणीकडे जाऊन येते," म्हणाल्या आणि काकांच्या आधी बाहेर पडल्या.

काकांची पाळी दुसरी. पहिली पोहण्याच्या शिक्षकाची होती आणि आतून हास्याचे स्फोट ऐकू येत होते. काका बाहेरच्या बाकावर नऊ पानं पुन्हा पुन्हा चाळत बसले. ताईंनी दार उघडून "या" म्हटलं. काका आत गेले, पत्ते टेबलावर ठेवायला वाकले, आणि मान वर केली.

समोर चार जण. पहिल्या खुर्चीत सलूनवाला, दुसरीत इस्पितळाच्या वॉर्डात काम करणाऱ्या मावशी, चौथीत बँकेच्या दारावरचा सुरक्षारक्षक, गणवेशातच. आणि तिसऱ्या खुर्चीत, मांडीवर कोरी वही घेऊन, काकू.

"गुड मॉर्निंग, टीचर," काकू म्हणाल्या. चेहऱ्यावर ओळखीची रेघ नाही.

काकांच्या हातून कप, मासा आणि छत्री जमिनीवर विखुरले. ताईंनी स्टॉपवॉचचं बटण दाबलं. काका गुडघ्यावर बसून पत्ते गोळा करत होते तेव्हाच त्यांना कळलं, की नऊ पानांपैकी एक ओळसुद्धा आता त्यांना आठवत नाही. डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं झालं होतं.

हाताला लागला तो पत्ता त्यांनी वर धरला. कपाचा. "डू यू लाइक टी?" त्यांनी सलूनवाल्याला विचारलं.

"येस," सलूनवाला म्हणाला.

"येस," मावशी म्हणाल्या.

आता तिसरी खुर्ची. ती ओलांडून चौथीकडे जावं असा एक भेकड विचार काकांच्या मनात येऊन गेला. पण ताई मागे बसून लिहीत होत्या.

"डू यू लाइक टी?" काकांनी बायकोला विचारलं. आवाज जरा किरटाच निघाला.

"नो," काकू म्हणाल्या. "आय नॉट लाइक टी."

काकांच्या डोक्यात ती टोकदार खूण आपोआप उमटली: आय आणि नॉट यांच्या मध्ये 'डू' गळला आहे. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात वाक्याचा अर्थ मागून धावत आला आणि त्यांच्यावर आदळला.

चहा आवडत नाही?

लग्न झाल्यापासून चौतीस वर्षं सकाळचा चहा काका करत होते. घरातलं तेवढं एक काम त्यांचं. आलं ठेचून, दूध आटवून, साखर सढळ हाताने. त्या चहाचा त्यांना अभिमान होता. पाहुण्यांसमोर ते स्वतःच विषय काढत. आणि काकू रोज समोर बसून तो कप शेवटच्या घोटापर्यंत पीत आल्या होत्या.

"नो?" काका म्हणाले.

"नो."

"बट... यू ड्रिंक! एव्हरी डे!"

सलूनवाल्याने चमकून काकांकडे बघितलं. टीचरला कसं ठाऊक?

"आय ड्रिंक," काकूंनी शांतपणे मान हलवली. एकेक शब्द तांदळातून खडा वेचावा तसा निवडत होत्या. "यू मेक. टू मच शुगर. टू मच एव्हरीथिंग. बट यू स्टँड, यू लुक माय फेस. सो आय ड्रिंक. थर्टी फोर इयर."

मावशींनी पदर की रुमाल काहीतरी तोंडाला लावलं. सुरक्षारक्षकाचा जबडा सैल पडला. काकांना यातलं काहीच दिसत नव्हतं. ते टेबल ओलांडून पुढे आले होते.

"व्हाय यू नॉट टेल मी?" ते कळवळून म्हणाले.

"यू नॉट आस्क," काकू म्हणाल्या.

मग सलूनवाला, ज्याला दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाला बोलतं करायची सवय होती, तो काकूंकडे वळला. "मॅडम, व्हॉट यू लाइक?"

"कॉफी. ब्लॅक. नो शुगर."

"मी ऑल्सो!" सुरक्षारक्षक ओरडला. "माय वाइफ गिव्ह मिल्क. ओन्ली मिल्क! आय सोल्जर, नॉट बेबी!"

"आय लाइक टी," मावशी म्हणाल्या. "हॉस्पिटल टी, बॅड. लाइक मेडिसिन. टीचर, गिव्ह युवर टी मी."

"यू टेल युवर वाइफ?" काकूंनी रक्षकाला विचारलं.

"नो! आय फिअर!"

"टेल," काकू ठामपणे म्हणाल्या. "टुडे टेल."

मग जो कालवा उसळला त्याला काही सुमार राहिला नाही. सलूनवाल्याने गिऱ्हाइकांच्या आवडी सांगितल्या, मावशींनी डॉक्टरांच्या नावडी. चुका तर धो धो कोसळत होत्या. काका मधोमध उभे होते आणि एखादा शब्द कोणाला अडला की तेवढाच पुढे करत होते. स्टॉपवॉच वाजलं ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

सगळे गेल्यावर ताईंनी कागद समोर ठेवला. "तुम्ही दोन मिनिटं दहा सेकंद. ते बारा मिनिटं पन्नास सेकंद. काका, हे कसं जमवलंत?"

"नऊ पानांचा आराखडा होता," काका क्षीण आवाजात म्हणाले.

"त्यातलं काहीच केलं नाहीत तुम्ही."

"नाही."

"आणि एक चूक टिपली आहे मी. 'व्हाय यू नॉट टेल मी.' ही पुढच्या वेळी फळ्यावर घ्या."

"कोण म्हणालं हे?" काकांच्या कपाळाला आठी पडली.

"तुम्ही."

काकांनी कागद हातात घेतला. दोनदा वाचला. खिशातून लाल पेन काढून, स्वतःच्या वाक्यात, योग्य जागी, एक छोटीशी खूण केली आणि वर 'डिड' लिहिलं. मग पेन बंद केलं आणि एकाएकी त्यांना हसू फुटलं. बराच वेळ हसत होते ते. ताईंना काही कळेना.

"पण त्या तिसऱ्या खुर्चीतल्या बाई कोण?" त्यांनी विचारलं. "फारच धीट आहेत."

दारातून पोहण्याच्या शिक्षकाचा आवाज आला. "अहो ताई, ते घरचं प्रकरण आहे! खाली जिन्यात थांबल्यात काकू. काका, लवकर उतरा, जास्त वाट बघायला लावू नका."

दोघं चालत घरी निघाले. पहिला चौक आला.

"मला आधी सांगायचं होतंस," काका म्हणाले.

"सांगितलं असतं तर घरीच परीक्षा घेतली असती तुम्ही. मला नापास होऊन जायचं नव्हतं तिथे."

"चूक काढली नाही मी आज. एकसुद्धा."

"बघितलं ना. चेहरा बघण्यासारखा झाला होता तुमचा. शिंक दाबल्यासारखा."

"किती दिवस चाललं होतं हे?"

"इंग्रजीचं की चहाचं?"

मग काकूच पुढे म्हणाल्या, "पोरीशी बोलायचंय हो मला. तिला खाटेखालून बाहेर काढायला काहीतरी म्हणता यायला नको?" काकांनी रस्ता ओलांडायच्या निमित्ताने त्यांचा हात धरला, आणि रस्ता संपल्यावर सोडायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी एक चहा आणि एक काळी कॉफी केली. कॉफी भयंकर झाली होती. काकूंनी एक घोट घेतला आणि तसं स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात ती पिण्यालायक झाली.

प्रशिक्षण संपलं. ताईंनी काकांना मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी नवशिक्यांचा वर्ग घ्यायला बोलावलं, पोहण्याच्या शिक्षकाला शेजारच्या खोलीत. सुधारले म्हणावे तर काका फारसे सुधारले नाहीत. कोणी चुकलं की ते दोन्ही हात पाठीमागे बांधतात, पण तिथे त्यांची बोटं हवेत खुणा करत राहतात. त्यांच्या मागे काचेचं कपाट आहे. शिकणाऱ्यांनी ते केव्हाच हेरलं आहे. बोलता बोलता ते काचेत बघतात; बोटं हलली की वाक्य मागे घेऊन स्वतःच दुरुस्त करतात. काकांना वाटतं, आपले विद्यार्थी जात्याच फार हुशार आहेत. सलूनवाला तर या काचेच्या जोरावर भूतकाळापर्यंत पोचला.

काकू मात्र काकांच्या वर्गात नाहीत. ताईंनी विचारलं तेव्हा त्यांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. "ह्यांच्याकडे नको. घरी आहेत तेवढे पुरे." त्या पोहण्याच्या शिक्षकाकडे जातात. मधली भिंत प्लायवुडची आहे. तिच्यापलीकडून त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा येतो, आणि कधी कधी काका शिकवता शिकवता थांबून ऐकत राहतात. रविवारी त्या नातीशी बोलतात. दोघी कुठलं इंग्रजी बोलतात ते कुठल्याही व्याकरणात सापडणार नाही, पण चाळीस मिनिटं फोन खाली ठेवत नाहीत. त्या वेळात काका जिन्यात जाऊन सूचना वाचतात.

परवा वर्ग सुटल्यावर दोघं बसथांब्यावर उभे होते. हातात नकाशा घेतलेली एक परदेशी बाई जवळ आली आणि तिने डोळ्यांच्या इस्पितळाचा रस्ता विचारला. काकांनी घसा साफ केला. पहिलं वाक्य कसं सुरू करावं, विनंतीवाचक की थेट, याचा ते विचार करत होते. तोवर काकू बोलूनही मोकळ्या झाल्या.

"यू गो स्ट्रेट. देन राइट, राइट," असं म्हणत त्यांनी जोरजोरात डावा हात डावीकडे फेकला. "बिग येलो बिल्डिंग. नो फिअर. गुड डॉक्टर. माय सिस्टर आइज, ही मेक."

बाईने काकूंच्या हाताकडे बघितलं, मान डोलावली, हसून आभार मानले आणि चालू लागली. कोपऱ्यावर ती क्षणभर थांबली, आणि बरोबर डावीकडेच वळली.

काकांचे दोन्ही हात पाठीमागे गेले होते.

"बरोबर सांगितलं ना मी?" काकूंनी विचारलं.

"पोचली ती," काका म्हणाले. "चल, बस आली."